चवथीची माटोळी आणि इंग्रजी व्याकरण: सणासुदीच्या खेळातून खरंच इंग्रजी येतं का?

डिचोलीची बाय:
आमच्या वाड्यावर पाचवी ते सातवीच्या अकरा मुलांची मी संध्याकाळी शिकवणी घेते. बहुतेक सगळी मराठी प्रायमरीतून आलेली, म्हणजे चौथीपर्यंत सगळं मराठीत आणि पाचवीत पाऊल टाकलं की गणित, विज्ञान, इतिहास सगळं एकदम इंग्रजीत. गोव्यातल्या पालकांना हे वेगळं सांगायला नको. पोर हुशार असतं पण वर्गात तोंडच उघडत नाही.

म्हणून चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी मी एक खेळ घेते. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकाच्या हातात माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतात ती) चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद, पहिल्याने इंग्रजीत सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकून काढायचं. परवा एक मुलगा म्हणाला, ‘कोकोनट इज ऑन द बनानाज’. तर दुसरीने केळ्यांच्या घडावर नारळ बसवला, अगदी पाटावर बसवल्यासारखा. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तो बघतच राहिला. आपल्या ‘वर’ मध्ये ऑन, अबव्ह, ओव्हर तिन्ही मावतात, त्यामुळे नुसतं सांगून मुलांना फरक कळत नाही. त्या नारळाने कळला. मग त्याचं त्यानेच ‘हँगिंग अबव्ह’ शोधून काढलं.

आता एका पालकांचं म्हणणं आलंय की सुट्टीच्या गमती बंद करा आणि व्याकरण घ्या. माझं म्हणणं, हेच व्याकरण आहे. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा:
बाई, तुमची तळमळ कळते, पण मी त्या पालकांच्या बाजूने. मी फोंडा तालुक्यात हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. तुमच्याकडे अकरा, माझ्याकडे एका वर्गात चाळीसच्या वर.

नाताळच्या सुट्टीनंतर मी पण असा खेळ घेतला होता, मी सुट्टीत कुठे गेलो ते प्रश्न विचारून ओळखा. पहिल्याच मुलाने विचारलं ‘डिड यू वेंट टू मुंबई?’ आणि मग सगळा वर्ग तेच, डिड यू वेंट टू बेळगाव, डिड यू वेंट टू मामाज हाऊस. मुलं इतकी रंगात आली होती की थांबवायला जीव होईना. पुढच्या चाचणीत ज्यांचं आधी बरोबर यायचं त्यांनीसुद्धा ‘डिड वेंट’ लिहिलं. मराठीत ‘गेलास का?’ म्हटलं की भूतकाळ क्रियापदातच असतो, म्हणून मूल डिड लावूनही वेंट सोडत नाही. ही खोड वहीत पन्नास वाक्यं लिहूनच जाते. चूक खेळात तीस वेळा घोटली की ती पक्की होते, आणि दहावीचा पेपर लिहून द्यायचा असतो, बोलून नाही.

डिचोलीची बाय:
सर, त्यात खेळाचा दोष नाही, तुमच्या खेळात चुकीला काही किंमतच नव्हती. ‘डिड यू वेंट’ म्हटलं तरी अर्थ कळला आणि उत्तर मिळालं, मग मूल का सुधारेल? फळ्यावर ‘डिड यू गो’ लिहून ठेवा आणि नियम करा, चुकीच्या प्रश्नाला उत्तर नाही. माझ्या माटोळीत चूक झाली की चित्रच बिघडतं. खेळ निवडतानाच बघायचं की कुठलं व्याकरण चुकलं तर खेळ अडेल.

वास्कोची आई:
मला दोघांनाही एक सांगायचंय. माझी मुलगी सहावीत, थोडी अडखळते बोलताना. तिच्या वर्गात तो साखळीचा खेळ घेतला, सुट्टीला जाताना बॅगेत काय भरलं ते आधीच्या सगळ्यांचं म्हणून आपलं एक जोडायचं, अ टॉवेल, अॅन अंब्रेला असं. अ आणि अॅन साठी चांगला आहे खेळ, नाही म्हणत नाही. पण जो चुकला तो आऊट. ती पहिल्याच फेरीत बाहेर आणि मग पूर्ण तास भिंतीला टेकून बसलेली. ज्याला बोलण्याची सर्वात जास्त गरज तोच आधी बाहेर बसतो, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? घरी येऊन म्हणाली मला उद्या शाळेत नको. पाठीला पाठ लावून दोघांतच बोलायचं असेल तर ती बोलेल असं वाटतं, कारण तोंडाकडे बघणारं कुणी नाही.

कवंडळ:
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. मुलांचा अख्खा दिवस इंग्रजीत जातो, निदान चवथ तरी आपल्या भाषेत राहू द्या! आमची आजी माटोळी बांधताना एकेक फळ हातात देऊन नाव सांगायची, आंबाडे, चिबूड, कवंडळ, घागऱ्या. आजच्या मुलांना त्यातली निम्मी नावं येत नाहीत आणि आपण त्यांना ‘हँगिंग अबव्ह’ शिकवतोय. उद्या नेवरीला, आपल्या करंजीला, पण इंग्रजी नाव शोधाल. खेळच घ्यायचा तर स्नो, रेनडिअर घ्या, जे त्यांचं ते त्यांच्या भाषेत.

डिचोलीची बाय:
स्नो घेऊन पाहिलं हो. मुलांनी कधी बर्फ पाहिलेला नाही, पाठ केलेली चार वाक्यं बोलतात आणि गप्प. दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याचं विचारलं तर थांबत नाहीत! पेपर इज पेस्टेड, हँड्स आर फिक्स्ड, ही इज बर्न्ट बिफोर सनराइज. सातवीची मुलगी कर्मणी प्रयोग सरळ बोलत गेली कारण रात्रभर जागून तिने ते बघितलं होतं.

आणि नावं आम्ही बदलत नाही. नेवरी ती नेवरीच, कवंडळ ते कवंडळच, फक्त ते कसं दिसतं ते इंग्रजीत सांगायचं. मँगो हा शब्द तरी कुठला, पोर्तुगीजांच्या ‘मांगा’ वरून इंग्रजीत गेला, मग नेवरी का जाऊ नये? उलट दोघा मुलांना कवंडळ काढता येईना म्हणून ती आजीकडे विचारायला गेली. ते नाव त्यांना या खेळामुळेच कळलं.

कवंडळ:
आजीकडे गेली हे ऐकून बरं वाटलं, खरंच. तरी माझं मत तेच, माटोळी आधी घरी मराठीत नाहीतर कोंकणीत, मग शिकवणीला.

जुना मास्तर:
एक भर घालतो. अॅट, ऑन, इन मध्ये मुलं गोंधळतात ना? अॅट ख्रिसमस, ऑन ख्रिसमस डे, इन डिसेंबर. आपल्याकडे पण तीन आहेत बघा, दिवाळीला, दिवाळीच्या दिवशी, डिसेंबरात. मी आधी हे मराठीत बोलून घ्यायचो, मगच इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी जुळत नाही पण सणांपुरतं छान जुळतं आणि मुलांची भीती जाते.

खडूफळा:
मास्तर, हे उद्याच वापरतो. बाई, सुट्टी पडायच्या आधी आठवीला माटोळीचा खेळ घेऊन बघतो, जोड्या करून, आऊट वगैरे काही नाही. पण त्याच दिवशी वहीत दहा वाक्यं आणि मी लाल पेनाने तपासणार, ते सोडणार नाही.

डिचोलीची बाय:
वाक्यं जरूर तपासा सर. फक्त चुकलेलं चित्र असेल ते वहीत तसंच चिकटवू द्या, त्याच्यावर लाल पेन नको.

खडूफळा:
चित्राखाली बरोबर वाक्य तरी लिहायलाच लावणार.