हिरवं दिसतंय म्हणजे पिकतंय असं नाही

पड जमीन, म्हणजे बरीच वर्षं न कसलेली, सॅटेलाइटवरून ओळखायची कशी यावर एकानं लिहिलंय की उन्हाळ्यातला फोटो उघडायचा आणि तपकिरी दिसेल ती जमीन पड धरायची. अहो असं केलंत तर आमचा अख्खा माण-खटाव पडीक निघेल की! एप्रिलमधे शाळू काढून झालेला असतो, रान नांगरून तापत टाकलेलं असतं, ते काय पड न्हवं.

उलटंबी होतं. आटपाडीकडं मावशीच्या वाटणीचं रान आहे, पोरं मुंबईला, दहाएक वर्षं कुळव लागला नाही, आणि फोटोत मे महिन्यातपण हिरवं. जाऊन बघितलं तर सगळी येडी बाभळ, बांध कुठला तेबी कळंना.

म्हणून एका फोटोवर जाऊ नका, वर्षभराचा एनडीव्हीआयचा, म्हणजे रान किती हिरवं आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, ग्राफ काढा. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांचा डेटा फुकट मिळतो, दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसाला एक फेरी, पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक चौकोनी ठिपका, १० बाय १० मीटरचा म्हणजे जवळपास एक गुंठाच धरा ना. पिकाची रेघ चढते आणि काढणी झाली की धपकन खाली येते, बाभळीची तशी पडत नाही, हळूहळू वरखाली होत राहते. पिकाची अशी रेघ सलग ४-५ वर्षं दिसली नाही तरच पड म्हणा, एखाददुसरं साल दुष्काळात जातंच.

पाटणकडं मात्र हे अवघड, डोंगरातली पट्ट्यापट्ट्याची शेतं एका पिक्सेलमधे दोन-दोन येतात आणि पावसाळाभर ढग, तिथं सेंटिनेल-१ चं रडार जोडीला घ्या, त्याला ढगातून दिसतं.