संसदेचं ‘८८ टक्के कामकाज’ आणि गोदीचा कायदा

शिवडीकर

सतराव्या लोकसभेत (२०१९ ते २०२४) ठरलेल्या वेळेच्या ८८ टक्के काम झालं, म्हणजे संसद उत्तम चालते, असं कालपासून तिघांनी मला ऐकवलं. आकडा बरोबर आहे. पण पोरगा ८८ टक्के हजर होता म्हणताना शाळा मुळात किती दिवस भरली, ते नको का बघायला? पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली. सतरावी २७४ दिवस, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. घटनेत एवढंच आहे की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये. अधिवेशन कधी घ्यायचं, किती दिवसांचं, हे सरकारच ठरवतं. ज्याला जाब विचारायचा, तारीखही त्यानेच द्यायची!

वडील एकतीस वर्षं गोदीत होते, म्हणून मला हे जास्त लागतं. शिवडीपासून कुलाब्यापर्यंत किनाऱ्याची केवढी जमीन बंदराची, म्हणजे केंद्राची आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोठ्या बंदरांचा १९६३ चा कायदा बदलणारं विधेयक लोकसभेने २३ सप्टेंबर २०२० रोजी मंजूर केलं. ते अधिवेशन आठवा. करोना, प्रश्नोत्तराचा तास रद्द, शेती विधेयकांवरच्या गदारोळानंतर राज्यसभेतले आठ खासदार निलंबित आणि बहुतेक विरोधी पक्षांचा बहिष्कार. २२ आणि २३ सप्टेंबर या दोन दिवसांत तीन कामगार संहिताही दोन्ही सभागृहांतून पार पडल्या. आमच्या अख्ख्या पट्ट्याचं भवितव्य ज्या कायद्याला बांधलेलं, तो आला तेव्हा समोरची बाकं ओस होती.

बैठकांचे किमान दिवस कायद्यानेच बांधून द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. घटनेच्या आढाव्यासाठी नेमलेल्या आयोगाने २००२ मध्येच लोकसभेला १२० आणि राज्यसभेला १०० दिवस सुचवले होते.

मुलुंडकर

काका, बाकं ओस कोणी पाडली? बहिष्कार टाकणाऱ्यांनी. मग चर्चा झाली नाही ही तक्रार सरकारच्या नावावर कशी?

आणि बंदर विधेयकाचा अर्धाच इतिहास सांगितलात. ते पहिल्यांदा डिसेंबर २०१६ मध्ये आलं होतं. विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीकडे गेलं, २०१७ मध्ये समितीचा अहवाल आला. २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बाद झालं, म्हणून पुन्हा मांडावं लागलं. राज्यसभेने तर ते फेब्रुवारी २०२१ मध्ये मंजूर केलं, तेव्हा विरोधक सभागृहात होते, मतदानही झालं. याला घाईचा कायदा म्हणणं मला पटत नाही.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत चर्चेसाठी १२० तास ठेवले होते, झाली ३७ तास. अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, हौद्यात, उतरून घोषणा देणारे सरकार पक्षाचे नव्हते. दिवस १२० केलेत तर १२० दिवस हेच बघाल.

गिरगावकर

मुलुंडकर, २०१० चं हिवाळी अधिवेशनही बघा. टू-जी, म्हणजे मोबाइल लहरींच्या वाटपाच्या प्रकरणी संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून तेव्हाच्या विरोधकांनी ते जवळजवळ अख्खं बंद पाडलं. बाकं बदलली, रीत तीच राहिली. कारण आपल्याकडे विरोधी पक्षाला हक्काचा दिवसच नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दर अधिवेशनात २० दिवस विषय विरोधी पक्ष ठरवतात. इथे स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं काम थांबवून तातडीचा विषय घ्या असा प्रस्ताव, द्यायचा आणि अध्यक्षांच्या होकाराची वाट बघायची. तो नाकारला की उरतो घसा.

अध्यक्षांवरून आठवलं. सतराव्या लोकसभेला पाचही वर्षं उपाध्यक्ष नव्हता. असं आधी कधीच झालं नव्हतं.

शिवडीकर

मुलुंडकर, समितीचा मुद्दा मान्य. तो मी सांगायलाच हवा होता.

पण त्याने माझं म्हणणं पक्कंच होतं. समितीकडे गेलेलं विधेयक घासूनपुसून येतं. कामगार संघटना, राज्य सरकारं, जाणकार यांना बोलावून विचारता येतं. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्यात फक्त १६ टक्के. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक घ्या. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावायच्या खेळांवर बंदी मलाही हवी होती, त्यात घरं बुडालेली पाहिली आहेत. पण मुंबईत त्या कंपन्यांत नोकरी करणारी पोरंही आहेत. त्यांचं म्हणणं मांडायला एक दिवस तरी कुठे होता?

चेंबूरची ताई

दिवस आणि समित्या ठीक, पण खासदार स्वतःच्या मताने हात वर करू शकत नसेल तर चर्चा ऐकून त्याने करायचं काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिलं की खासदारकी जाते. घोडेबाजार थांबवायला आणलेला कायदा, आता साध्या विधेयकालाही तोच धाक.

आपल्या चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण आहे. मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय घेतला, हेही सांगितलं. कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे, खासदार होते ते. शाळेत असताना आजोबांकडून हे ऐकलंय, अजून अंगावर काटा येतो.

लालबागकर

ताई, एक दुरुस्ती. पक्षादेश मतदानापुरता असतो, भाषणापुरता नाही. आणि समितीत तोही नसतो. म्हणून मी शिवडीकरांच्या बाजूने.

चेंबूरची ताई

कायद्याने भाषणाला आडकाठी नाही, मान्य. पण पुढच्या निवडणुकीचं तिकीट कोणाच्या हातात असतं, दादा?

दहिसरकर

आपलंही थोडं बोलू. मुंबईत सहा खासदार, एकेकाचे १४ ते १८ लाख मतदार. २०२४ ला आमच्या सोसायटीत उमेदवार आले तेव्हा पाऊण तास पार्किंग आणि नालेसफाईवर गेला. दोन्ही महापालिकेची कामं. संसदेत काय विचारणार, हे एकानेही विचारलं नाही, मीही नाही. नंतर संसदेच्या संकेतस्थळावर आमच्या भागाचे प्रश्न शोधले. लोकलच्या फेऱ्या, फलाटांची उंची, यांवर मंत्र्यांची लेखी उत्तरं आहेत, सही-तारखेसकट. मी ती छापून सोसायटीच्या फलकावर लावली. आता लोक थांबून वाचतात.

मुलुंडकर

हे आवडलं, आमच्याकडेही करतो. काका, दिवस वाढवायला माझी ना नाही. पण आधी विरोधकांनी बाक सोडणार नाही असं कबूल करावं.

शिवडीकर

उलट आहे ते. आधी तारखा जाहीर करा, गिरगावकर म्हणतात तसे विरोधकांचे दिवस त्यात धरा. त्यानंतरही कोणी बाक सोडलं, तर त्याला जाब विचारायला मी तुमच्याबरोबर येतो.