मदत हवी आहे : डी.एल.एड. की चार वर्षांचा आयटेप?

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा बारावी कला शाखेतून पास झाली. तिला पहिली ते पाचवीच्याच मुलांना शिकवायचंय, त्यात तिळमात्र शंका नाही. वस्तीवरच्या लहान पोरांना ती वाचायला शिकवते तेव्हा बघत राहावं!

घरचे म्हणतात, आधी बीए, मग बीएड कर. पण ११ ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, हे त्यांना पटतच नाही.

आता दोन वाटा दिसतात. दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपलं जुनं डीएड), किंवा विद्यापीठातला चार वर्षांचा आयटेप, म्हणजे पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र. त्याला एनसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. मला पदवीसकट झालेलं बरं वाटतं, पण बाहेरगावी चार वर्षांचा खर्च झेपेल का, ही धाकधूक आहे.

आयटेप करणारं कुणी आहे का इथे? शाळेतला प्रत्यक्ष सराव कितपत मिळतो? आणि डी.एल.एड. करून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) देत पवित्र या सरकारी शिक्षक भरती पोर्टलवरून लागलेल्या ताई-दादांनी, सोबत बाहेरून पदवी कशी केली तेही सांगा.