स्टोअर्ड प्रोसिजरला माहिती टेम्प टेबलातून द्यावी का?

राजारामपुरी (धागाकर्ता)

कोल्हापूर परिसरातील ऊस आणि दूध बिलांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींना एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरची एक रीत चांगलीच परिचयाची असेल. बोलावणारी स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरवर साठवलेला, नावाने चालवता येणारा प्रोग्रॅम) टेम्प टेबल, म्हणजे काम संपताच नाहीसे होणारे तात्पुरते टेबल, तयार करते, त्यात पंधरवड्याच्या वजनपावत्या भरते आणि आतली प्रोसिजर एकही पॅरामीटर (बोलावताना द्यायचे मूल्य) न घेता थेट त्या टेबलातून वाचू लागते. ही रीत आता बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आक्षेप वेगाबद्दल नाही. प्रोसिजरचा मथळा वाचून तिला कोणती माहिती लागते हे कळत नाही, हा खरा दोष आहे. तयार करतेवेळी टेबल अस्तित्वात नसेल तर सर्व्हर त्याची तपासणी पुढे ढकलतो, त्यामुळे प्रोसिजर निमूटपणे तयार होते आणि टेबल नसल्याची २०८ क्रमांकाची एरर चालवतानाच समोर येते. समजा, बिलाच्या प्रोसिजरला तोडणी-वाहतूक कपातीचा एक कॉलम नव्याने लागला, बोलावणाऱ्या दोन ठिकाणी तो वाढवला आणि वर्षातून एकदाच चालणारे अंतिम हप्त्याचे ठिकाण राहून गेले. मग कॉलम सापडत नसल्याची २०७ क्रमांकाची एरर दिसेल ती हंगाम आटोपल्यावर, सभासद पैशांची वाट पाहत असताना. यावर उपाय म्हणजे टेबल टाइपचा पॅरामीटर, म्हणजे आधी ठरवलेल्या रचनेचे अख्खे टेबलच प्रोसिजरला देणे. तो २००८ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्यात कॉलमांची यादी एकाच जागी, उघडपणे लिहिलेली असते.

शिरोली नाका

निदानाशी सहमत आहे, पण सुचवलेला इलाज रोगापेक्षा अवघड आहे. टेबल टाइप एकदा तयार केला की त्यात बदल करण्याची आज्ञाच नाही. एक कॉलम वाढवायचा तर तो टाइप वापरणाऱ्या सगळ्या प्रोसिजर आधी काढाव्या लागतात, टाइप नव्याने तयार करावा लागतो आणि प्रोसिजर परत चढवून त्यांच्यावरचे अधिकारही पुन्हा द्यावे लागतात. गळीत हंगामात वजनकाटा चोवीस तास चालू असतो, तेव्हा हा खटाटोप कोणत्या वेळी करायचा, हेही धागाकर्त्यांनी सांगावे.

दुसरे असे की टेबल टाइपच्या कॉलमांवर सर्व्हर स्टॅटिस्टिक्स (कोणते मूल्य किती ओळींत आहे याची आकडेवारी) ठेवत नाही. पावत्या शे-दोनशे असतील तर काही बिघडत नाही. त्या हजारोंच्या घरात असतील आणि निम्म्याहून अधिक एकाच गटाच्या असतील, तर मात्र ऑप्टिमायझरचा, म्हणजे क्वेरी चालवण्याचा मार्ग (प्लॅन) ठरवणाऱ्या भागाचा, अंदाज चुकतो आणि टेबले एकमेकांना जोडण्याचा (जॉइनचा) प्लॅन भलताच निघतो. टेम्प टेबलावर स्टॅटिस्टिक्सही असतात आणि माहिती भरून झाल्यावर हवा तो इंडेक्सही (ओळी पटकन शोधण्याची सूची) घालता येतो.

राजारामपुरी

प्रोसिजर काढायची गरज नाही. जुन्या टाइपचे नाव बदलावे, मूळ नावाने नवा टाइप करावा, संबंधित प्रोसिजर रिफ्रेश करून नव्या टाइपशी जोडाव्यात आणि मग जुना टाइप काढावा. हे काम स्क्रिप्टने होते आणि प्रोसिजरवरचे अधिकारही शाबूत राहतात.

स्टॅटिस्टिक्सचा मुद्दा मान्य आहे, पण त्यासाठी बोलावणाऱ्याला वेठीस धरण्याचे कारण नाही. प्रोसिजरने पॅरामीटरमधली माहिती आत शिरताच स्वतःच्या टेम्प टेबलात उतरवून घ्यावी आणि पुढचे जॉइन त्यावर करावेत. बाहेरच्या टेम्प टेबलावर अवलंबून असलेल्या क्वेरींचा प्लॅन वेगवेगळ्या सत्रांना (कनेक्शनांना) वाटून वापरता येत नाही आणि रिकंपाइलचा, म्हणजे प्लॅन पुन्हा बनवण्याचा, खर्च वाढत जातो, याचाही हिशेब शिरोली नाका यांनी मांडायला हवा होता.

शाहूपुरी

आतापर्यंतची चर्चा एका प्रोसिजरने दुसरीला बोलावण्यापुरतीच झाली. माहिती सर्व्हरबाहेरच्या डॉट नेटच्या प्रोग्रॅममधून येत असेल तर वेगळीच गंमत होते. टेम्प टेबल तयार करणाऱ्या कमांडला एखादा पॅरामीटर जोडला, की ती कमांड सर्व्हरवर ‘एसपी एक्झिक्यूट एसक्यूएल’ या सर्व्हरच्याच प्रोसिजरमार्फत चालते आणि तिचे काम संपताच ते टेबलही नाहीसे होते. त्याच कनेक्शनवरची पुढची ओळ ‘टेबल सापडत नाही’ म्हणते आणि नवखा माणूस कनेक्शन तपासत बसतो. तेव्हा प्रोग्रॅममधून थेट टेबल टाइपच पाठवावा, या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

रंकाळा

माझ्या मते दोन्ही बाजू अपुऱ्या आहेत. बॅच क्रमांकाचा (एका वेळी भरलेल्या ओळींच्या गटाच्या क्रमांकाचा) कॉलम असलेले एक कायमचे टेबल ठेवावे आणि प्रोसिजरला फक्त तो क्रमांक द्यावा. प्रोसिजर तयार करताना टेबल जागेवर असल्यामुळे कॉलमच्या नावातली चूक तेव्हाच पकडली जाते, स्टॅटिस्टिक्स मिळतात, आणि टेम्प टेबले जिथे बनतात त्या टेम्पडीबीचे कॉलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) वेगळे असेल तर मराठी नावांच्या तुलनेत येणारा संघर्षही टळतो. शिवाय लेखापरीक्षकांनी ‘हे बिल कोणत्या पावत्यांवरून काढले?’ असे विचारले, तर दाखवायला त्या ओळी शिल्लक असतात.

राजारामपुरी

त्या शिल्लक राहतात, हीच अडचण आहे. प्रोसिजर मध्येच बंद पडली तर अर्धवट बॅच कोण साफ करणार? एकाच टेबलात पाच जण एकाच वेळी भरणे आणि काढणे करू लागले की एकमेकांचे लॉक सुटण्याची वाट पाहणेही आलेच. लेखापरीक्षणासाठी नोंद ठेवायची असेल तर ती स्वतंत्रपणे ठेवावी. माहिती पोहोचवण्याच्या कामात तिची सरमिसळ नको.

शिरोली नाका

टाइपचे नाव बदलण्याची युक्ती उपयोगी आहे, ती वापरून पाहीन. तरीही एक प्रश्न उरतोच. टेबल टाइपचा पॅरामीटर प्रोसिजरमध्ये फक्त वाचता येतो. आमच्याकडे पहिली प्रोसिजर दर लावते, दुसरी कपाती काढते, तिसरी निव्वळ रक्कम भरते, आणि तिघीही त्याच ओळींमध्ये लिहितात. धागाकर्त्यांच्या पद्धतीने गेलो तर प्रत्येक टप्प्यावर सगळ्या पावत्या एकदा आत उतरवायच्या आणि निकाल म्हणून पुन्हा बाहेर काढायच्या. अशा साखळीत मी टेम्प टेबलच ठेवीन. मात्र प्रत्येक प्रोसिजरच्या सुरुवातीला टेबल आहे का आणि लागणारे कॉलम त्यात आहेत का हे तपासून, नसल्यास स्वच्छ मराठीत एरर देणाऱ्या चार ओळी सक्तीच्या करीन. धागाकर्त्यांचा ‘२०७ हंगाम संपल्यावर’ हा आक्षेप त्याने पूर्ण मिटत नाही, कारण तपासणी तरीही चालवतानाच होते. पण फोनवर बोलणाऱ्या ऑपरेटरला निदान कोणता कॉलम कमी आहे हे वाचून सांगता येईल.