कुत्रा बूड घासत चालून राहिला, जंत का गुदग्रंथी?

वावरराखण
गावठी कुत्रा, नर, ४ वर्षांचा, वजन १८ किलोच्या आसपास. दहा दिवसांपासून मागचे पाय पुढं काढून अंगणात बूड घासत चालून राहिला. हागल्यावर जास्तच. मधूनच गर्रकन मागं वळून शेपटीखाली चाटते, चावते. जिथं बसते तिथं सडक्या मासोळीसारखा वास राहते. खाणं म्हणजे सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, रात्री घरचं उरलेलं, आठवड्यातून दोनदा कोंबडीचे तुकडे हाडासकट. शी नेहमीच पातळ, शेणासारखी. महिन्याआधी गुरांची अल्बेंडाझोलची जंताची गोळी अंदाजानं मोडून दिली होती. अंगावर पिसवा आहेत. कोणी म्हणते जंत, कोणी म्हणते गाठी दाबून काढ, कोणी म्हणते फिनाईल लाव. तालुक्याचा दवाखाना २२ किलोमीटर. घरी काय करता येते अन् काय करू नये, नीट सांगा.

माळावरचा पशुवैद्य
भाऊ, फिनाईल नको, टर्पेंटाइन नको, रॉकेल तर नकोच. तिथली कातडी नाजूक असते, भाजून निघते, आणि कुत्रा चाटला की तेच पोटात जातं.

दाबायच्या आधी बघा. कुत्र्याला उजेडात उभं करा. एकानं मान बगलेत धरावी, दुसऱ्यानं शेपटी मुळाशी धरून सरळ वर उचलावी. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. चारच्या आणि आठच्या जागी कातडीखाली एकेक पिशवी असते, त्याच गुदग्रंथी. रिकामी असली तर बोटाला लागत नाही. भरली की वाटाण्याएवढी, फारच तुंबली तर बोराएवढी. प्रत्येक पिशवीची बारीक नळी गुदद्वाराच्या काठावर उघडते. शी घट्ट असली की बाहेर पडताना ती पिशव्या दाबते आणि थोडा रस आपोआप निघून जातो. तुमच्या कुत्र्याची शी शेणासारखी, म्हणजे पिशवीवर दाबच येत नाही. रस साचतो, घट्ट होतो, नळी बुजते. मासोळीचा वास त्याच रसाचा. तेव्हा तुमच्या वर्णनावरून पहिला संशय ग्रंथींवरच जातो, पण जंत आणि पिसवा सोडून देऊ नका.

चार किंवा आठच्या जागी लाल-जांभळी, गरम सूज असेल, भोक पडून रक्त-पू येत असेल, किंवा बोट लावताच कुत्रा किंचाळत असेल, तर तो गळू आहे. तो दाबायचा नाही. दाबला तर पिशवी आत फुटते आणि पू मांसात पसरतो.

सूज नसेल, फक्त भरल्यासारखं लागत असेल, तर एकदा बाहेरून प्रयत्न करायला हरकत नाही. हातमोजे घाला. जुन्या लुगड्याची दीड-दोन इंच रुंद सुती पट्टी नाकाडावरून गुंडाळा, हनुवटीखाली अढी मारा, दोन्ही टोकं कानामागं बांधा. कुत्रा धापा टाकत असेल तर ही पट्टी बांधायचीच नाही, आणि एरवीही पाच मिनिटांच्या वर ठेवायची नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं तिथं धरा. मग ओल्या कापसाची जाड गादी गुदद्वारावर ठेवा, अंगठा आठवर, तर्जनी चारवर, पिशवीच्या किंचित खालून आणि मागून. आधी आत, मग वर आणि मधे, गुदद्वाराच्या दिशेनं हळू ढकला. सरळ चिमटीत पकडलं की नळीच दबते आणि काही निघत नाही. बहुतेकांची चूक इथंच होते. तोंड बाजूला ठेवा, पिचकारी उडते. तपकिरी किंवा पिवळसर पातळ रस आला तर ठीक. दोन-तीन दाबांत निघाला नाही तर थांबा. जोर लावून सूज येते, आणि सुजेनं नळी आणखी बुजते.

तक्रार नसताना दर आठवड्याला दाबायची सवय मात्र लावू नका. त्यानंच ग्रंथी चिडते.

कडुलिंबाखाली
जंताचं सांगतो. बूड खाजवणारा जंत बहुतेक वेळा फीतकृमी असतो. शेपटीखालच्या केसांत, बसायच्या जागेवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे बघा. ताजे असले तर वळवळतात, वाळले की कडक, पिवळट होतात. हा जंत पिसवेतून येतो: पिसवेच्या अळीनं त्याची अंडी खाल्लेली असतात, आणि कुत्रा खाजवताना ती पिसू गिळतो. अल्बेंडाझोलचा या जंतावर भरवसा नाही, आणि गुरांची गोळी मोडून दिली तर डोसही कळत नाही. यावर औषध प्राझिक्वान्टेल, किलोला ५ मिलिग्रॅम. १८ किलोला ९० मिलिग्रॅम लागतं. कुत्र्यांच्या नेहमीच्या जंतांच्या मिश्र गोळीत ५० मिलिग्रॅम असतं, १० किलोला एक गोळी असा तिचा हिशेब, म्हणजे तुम्हाला दोन. पण आधी वजन नीट करा: कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग आपलं वजन वजा करा.

पिसवा राहिल्या तर तीन आठवड्यांत तुकडे परत दिसतील. म्हणून कुत्र्यांसाठीचं फिप्रोनिल हे पिसवांचं औषध मानेच्या मागं, केस फाकवून थेट कातडीवर टाका. आधी-नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही त्याच दिवशी. पिसवेचे कोष गोठ्याच्या भेगांत आणि कुत्रा झोपतो त्या पोत्यात महिनोन्महिने टिकतात. पोतं जाळा किंवा उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका, भेगा झाडून माती लावून बुजवा.

आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारायचं औषध कुत्र्याला लावू नका, कितीही पातळ करून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले; कुत्रा तर तेच अंगावरून चाटून घेतो. लाळ गळणं, थरथर, बाहुली टाचणीएवढी होणं दिसलं की लगेच दवाखाना.

वावरराखण
सांगितल्यापरमाणे बघितलं. गळू नाही. आठच्या बाजूचा तपकिरी पातळ रस निघाला. चारच्या बाजूला बोराएवढी कडक गाठ, दोनदा दाबली, बारीक राखाडी दोरीसारखं थोडंसं आलं, मग काहीच नाही. पांढरे तुकडेही दिसले, पोत्यावर. आता?

माळावरचा पशुवैद्य
चारची बाजू सोडून द्या. घट्ट लोण्यासारखं झालेलं बाहेरून निघत नाही. दवाखान्यात मोजा घालून, तेलकट करून तर्जनी गुदद्वारात घालतात, बाहेरून अंगठा लावतात आणि दोन बोटांत धरून पिशवी मोकळी करतात. तरीही नाही निघालं तर भूल देऊन नळीतून सलाईननं धुतात. जाईपर्यंत दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं कोमट शेक द्या. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे मीठ. दुखतं म्हणून घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, किडनी जाते. गाडीची सोय नसेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाबद्दल विचारा. तालुक्याला जमलं नाही तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहेच.

आता शी घट्ट करायची, नाहीतर महिन्यात परत तेच. दूध बंद करा, मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही. शिजवलेली हाडं बंद. ती चिरफळतात आणि आतड्यात अडकतात. कांदा-लसणाचा रस्सा बंद, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भाकर, भात, बिनहाडाचं उकडलेलं मांस किंवा अंडं द्या, आणि त्यात साल-बिया काढून उकडलेलं कोहळं (लाल भोपळा) दोन मोठे चमचे. बदल एकदम नको, आठवडा घ्या. कोहळं नसलं तर एक चहाचा चमचा इसबगोल अर्धा कप पाण्यात फुगवून. कोरडं दिलं तर उलट अडकतं. शी उचलली की आकार राहावा आणि जमिनीवर ओला डाग राहू नये, तोपर्यंत प्रमाण थोडं थोडं बदलत जा.

कडुलिंबाखाली
दोन गोष्टी राहिल्या. पंजेही चाटत असेल, कान खाजवत असेल, तर मूळ बहुतेक ॲलर्जीत आहे, नुसती ग्रंथी मोकळी करून भागणार नाही. आणि म्हाताऱ्या कुत्र्यात एकाच बाजूला न दुखणारी कडक गाठ लागली, पाणी जास्त प्यायला लागला, तर थांबू नका. या ग्रंथीचा कर्करोग असू शकतो, रक्तातलं कॅल्शियम वाढून तहान लागते. तुमचा चार वर्षांचा आहे, तरी रस काढल्यावर गाठ पूर्ण मऊ झाली का, हे डॉक्टरांना बोटानं तपासायला सांगा.

पावसाळ्यात पिशवी फुटली तर माश्या बसून दीड दिवसात अळ्या पडतात. जखम दिसली की मिठाच्या पाण्यानं धुवा, कुत्रा आत बांधा. चाटू नये म्हणून प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून गळ्यात अडकवता येते. कडेला कापडाची पट्टी शिवा, नाहीतर मान कापते.