नवरात्रीआधीचं लस शिबिर आणि "आपल्या घरातल्या मुली"

मेघा, कारेलीबाग
काल आमच्या वडोदऱ्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला. तिथे उत्तर दिलं की "हा ग्रुप पाणी आणि लिफ्टसाठी आहे" म्हणून गप्प करतात, म्हणून इथे लिहितेय. मेसेजचा सारांश असा: हॉलमध्ये ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्ही लसीचं (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धची लस) शिबिर आहे, मुली पाठवू नका. का? तर शंभरातल्या नव्वद जणींचं इन्फेक्शन आपोआप जातं, निसर्गात ढवळाढवळ नको. शिवाय २०१० मध्ये आपल्याच जिल्ह्यात या लसीने मुली मेल्या. आणि शेवटचं वाक्य, "आपल्या घरातल्या मुलींना याची गरज काय?"

या शेवटच्या वाक्यावर डोकं फिरलं. गरज काय म्हणजे? लग्न होणार आहे ना त्यांचं? नवरा काय घेऊन येणार याचा दाखला पत्रिकेसोबत मिळतो का?

नव्वद टक्क्यांचं खरं आहे. दोन वर्षांत बहुतेक इन्फेक्शनं जातात. पण ज्यांचं जात नाही त्यांच्यातून २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या वर नवे कॅन्सर आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू आहेत. बाकीच्या आजारांसारखी "एकदा होऊन गेलं की सुटलो" ही गोष्ट इथे चालत नाही. हा विषाणू गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. शरीराला चाहूलच लागत नाही. कित्येक जणींच्या अंगात अँटीबॉडी तयारच होत नाहीत, झाल्या तर जेमतेम. लसीत विषाणूचं नुसतं रिकामं कवच असतं, आत डीएनए नाही. ते दंडात टोचलं की अँटीबॉडी नैसर्गिक इन्फेक्शनपेक्षा कितीतरी पट वाढतात. स्वीडनमध्ये सोळा लाखांवर मुली आणि बायकांच्या नोंदी तपासल्या, निकाल २०२० मध्ये आला. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी. काकांनी यावर बोलावं.

सुरसागर_जुना
मेसेज माझा नाही. पण मेघाबेन, जिल्ह्याचा मुद्दा तुम्ही अलगद ओलांडलात. डभोई, शिनोर, कवांट, नावं तरी घ्यायची. २००९ मध्ये आंध्रातलं खम्मम आणि आपला वडोदरा जिल्हा निवडला. पाथ नावाची अमेरिकन संस्था, पैसा गेट्स फाउंडेशनचा, दोन्हीकडे मिळून वीस हजारांवर मुली. शहरातल्या श्रीमंत अलकापुरीतल्या शाळा का नाही घेतल्या? कवांटच्या आदिवासी मुलीच बऱ्या सापडल्या? सात मुली दगावल्या, त्यातल्या दोन गुजरातच्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारनेच काम थांबवलं आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने पाथला धुऊन काढलं. हे फॉरवर्ड नाही, छापील अहवाल आहे.

मेघा, कारेलीबाग
मग चौकशी समितीचाही वाचा, तोही छापीलच आहे. कुणी बुडून गेली, कुणी साप चावून, कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलं, कुणाला मलेरिया. लसीशी संबंध सापडला नाही. दोष सापडला तो संमतीत. आंध्रात वसतिगृहांच्या वॉर्डननी पालकांच्या जागी सह्या केल्या, दुष्परिणाम टिपायची व्यवस्था धड नव्हती. त्याबद्दल धुतलं ते योग्यच. पण "संमती नीट घेतली नाही" आणि "लसीने मुली मेल्या" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरसागर_जुना
तुमच्यासाठी दोन. ज्या बापाने न वाचता अंगठा दिला त्याच्यासाठी एकच.

मांजलपूर_निखिल
यातली खरी गंमत कुणी सांगतच नाही. त्याच वेळी भारतात नऊ केंद्रांवर दुसरा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायला. खम्मम-वडोदऱ्याच्या गोंधळात सरकारने तोही थांबवला. त्यामुळे जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निकाल आला: एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून एका डोसने ९५ टक्के संरक्षण, तीन डोसने ९३. जवळजवळ सारखंच. पुढच्याच वर्षी डब्ल्यूएचओने एक डोसही चालेल म्हणून सांगितलं, त्यात या अभ्यासाचा वाटा आहे. म्हणजे ज्या बंदीचा सुरसागरकाका दाखला देतात, तिच्यामुळेच गरीब देशांचा लसीचा खर्च अर्ध्यावर आला!

मकरपुरा_इंजिनिअर
थांबा. एक डोसवाल्या मुली चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, बंदी आली म्हणून तशा उरल्या. शिवाय त्यात मोजलं ते इन्फेक्शन, कॅन्सर नव्हे. ९५ जास्त की ९३ यावर नाचू नका, तो फरक काही सांगत नाही.

मांजलपूर_निखिल
नाचत नाहीये साहेब, "जवळजवळ सारखंच" असं लिहिलंय वर. चष्मा पुसा.

गोत्रीची_वहिनी
तुम्ही सगळे टक्के मोजा. माझ्या जाऊबाईंना ३८ व्या वर्षी पांढरं जायचं म्हणून एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. आत बघून डॉक्टर म्हणाले, "सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका." ना टेस्ट, ना तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यात ऑपरेशन. आता कंबर धरून बसतात आणि हाडं ठिसूळ झाली ती वेगळीच. या कॅन्सरची भीती विकून किती बायकांच्या पिशव्या काढल्या त्याचा हिशोब कोण देणार? बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये पेपरात आलं म्हणून कळलं, शहरातल्यांचं कोण छापतंय? मला लस-बिस माहीत नाही, पण डॉक्टर भीती घालायला लागला की मी उठते.

लॅबवाली_मावशी
वहिनी, तुमच्या जाऊबाईंवर अन्याय झाला. त्यावर उपाय म्हणजे तपासणी. तपासणी झाली असती तर पिशवी वाचली असती.

सुरसागर_जुना
तपासणीचं नाव काढलंत म्हणून उस्मानाबादचा या कॅन्सरच्या तपासणीवरचा अभ्यास काढतो. सव्वा लाखावर बायका, गावं चार गटांत वाटली. तीन गटांत वेगवेगळी तपासणी, चौथ्या गटाची तपासणी नाही. त्या बायकांना माहिती दिली आणि वर्षानुवर्षं नुसतं मोजलं. ६४ बायका या कॅन्सरने गेल्या त्या गटात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही तेच, तमिळनाडूतल्या दिंडीगलमध्येही तेच. तिन्हीकडच्या बिनतपासणीच्या गटांत मिळून २५४ बायका मेल्या. अमेरिकेतल्याच एका डॉक्टरने यावर आवाज उठवला. त्यांच्या देशात असं करू देतील?

लॅबवाली_मावशी
मी बावीस-तेवीसच्या वयापासून रिटायर होईपर्यंत पॅपच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी तपासण्याच्या) काचा बघितल्यात, तेव्हा जरा मलाही बोलू द्या. तेव्हा उस्मानाबादच्या खेड्यात कुठली तपासणी होती हो? शून्य. चौथ्या गटाकडून काही हिसकावून घेतलं नव्हतं, होतंच नाही तर हिसकावणार काय? आणि त्या अभ्यासातून २००९ मध्ये काय निघालं ते सांगा ना. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, त्या गटात ३४. आमच्या पॅपने आणि व्हिनेगर लावून बघण्याने तिथे ठळक फरक पडला नाही. हे वाचून मला काय आनंद झाला असेल? पण आकडा आहे, मान्य करायला लागतो. काचेवर नमुना वाळलेला, रक्ताने माखलेला, ब्रश नीट फिरवलेलाच नाही. अशा काचांवरून "नॉर्मल" लिहून द्यायचं आमच्या नशिबी होतं. दोष बाईचा नाही, बघणारीचाही नाही.

मकरपुरा_इंजिनिअर
मुंबईत व्हिनेगरवाल्या तपासणीनेच मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मग व्हिनेगर चालतं की नाही?

लॅबवाली_मावशी
मुंबईत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या, आणि बघणाऱ्या दहावी पास बायकांना नीट शिकवलेलं. उस्मानाबादला एकदाच. एकदा बघून सोडून दिलं तर व्हिनेगर काय करील?

सुरसागर_जुना
"होतंच नाही तर हिसकावणार काय." हे वाक्य सांभाळून ठेवा मावशी. कवांटमध्येही काहीच नव्हतं, म्हणून काहीही टोचा. गरिबाकडे काही नसणं ही तुम्हा लोकांना परवानगी वाटते.

लॅबवाली_मावशी
"तुम्हा लोकांना" म्हणजे कुणाला? मी पगारी टेक्निशियन होते, गेट्सची भाची नव्हे. आणि काका, तुमच्या घरातल्या बायकांची शेवटची तपासणी कधी झाली?

सुरसागर_जुना
घरच्यांपर्यंत जायचं कारण नाही.

मेघा, कारेलीबाग
कारण आहे. मेसेजमध्ये "आपल्या घरातल्या मुली" घरापासूनच सुरू झाल्या होत्या. माझी आत्या याच रोगाने गेली. रक्त जातंय हे वर्षभर कुणाला सांगितलं नाही, कारण ओट्यावर उभ्या बायकांत हे बोलायचं नसतं. दाखवलं तेव्हा लघवीचा मार्ग दाबला गेला होता. माणिकरावांच्या आखाड्याजवळ वाढलेली, एकाच पुरुषाशी चाळीस वर्षं संसार केलेली बाई. "गरज काय" हे तिच्या फोटोसमोर उभं राहून म्हणा.

मकरपुरा_इंजिनिअर
मेघाताई, वाईट वाटलं, पण एका आत्यावरून सिद्ध काही होत नाही.

गोत्रीची_वहिनी
तू गप बस रे. सगळीकडे काय सिद्ध करायचं?

मांजलपूर_निखिल
पोरगा १२ चा आहे. त्याला देता येते का?

मेघा, कारेलीबाग
येते. सीरमची लस मुलगे-मुली दोघांसाठी मंजूर आहे. ९ ते १४ ला दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, या वयात इंजेक्शननंतर भोवळ येऊन पडतात. आमच्या शिबिरात मुलग्यांचीही नावं घेतोय.

सुरसागर_जुना
आता मुलगेही! गरबा तरी होऊ द्या आधी.

निजामपुरा_नवी
मध्येच विचारते. वय ४४, आता लस घेऊन उपयोग आहे का?

लॅबवाली_मावशी
तुम्ही आधी एचपीव्ही टेस्ट करा. लस आधीचं इन्फेक्शन काढत नाही. टेस्ट निगेटिव्ह आली की निदान पाच वर्षं निवांत. लाज वाटत असेल तर नमुना स्वतः घ्यायचं किटही असतं, लॅबला विचारा. आणि कुणी टेस्टशिवाय पिशवी काढा म्हणालं तर वहिनींसारखं उठून या.

सुरसागर_जुना
लस वाईट आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही, कुणी वाचलं असेल तर. फॉर्म गुजरातीत आणि मराठीत छापा, आठ दिवस आधी घरी द्या, दुष्परिणाम झाला तर फोन कुणाला करायचा ते वर मोठ्या अक्षरात लिहा. मग नातीला तिची आई आणेल. पण मी सही करणार नाही, मागायलाही येऊ नका.

मेघा, कारेलीबाग
फॉर्मचं लिहून घेतलं. सही आई-बापाची लागते काका, आजोबांची रकानाच नाही.