नसलेला पाय दुखतो, आरशाच्या व्यायामाने खरंच फरक पडतो का?

कृष्णाकाठ
बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढून चार महिने झाले, शुगरमुळे गँगरीन झालं होतं. जखम छान भरलीय पण रात्री दोन-अडीचला उठून बसतात, म्हणतात अंगठा कोणीतरी पिरगाळतंय, बोटं आत वळलीत ती सरळ करून दे. कुठली बोटं सरळ करू मी? पांघरूण चाचपून बघतात आणि गप्प होतात. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका, ते बाबांना इतकं लागलं की आता दुखलं तरी सांगतच नाहीत. ओळखीतल्या एकीने सांगितलं आरशात चांगला पाय बघायचा व्यायाम असतो. कोणी केलाय का? नुसतं बघून दुखणं कसं कमी होईल?

फिजिओताई
आधी बाबांना सांग की दुखणं खरं आहे, प्लीज आजच सांग. याला फँटम पेन म्हणतात, पाय काढलेल्या बऱ्याच जणांना होतं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत असते, ती बोटं हलवायचा हुकूम सोडत राहते आणि हलल्याची खबर काही परत येत नाही, आरशात चांगला पाय गेलेल्या पायासारखा दिसतो, त्यामुळे ती डोळ्यांवाटे मिळते असं मानतात. मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत आरशाचा हा व्यायाम सुरू केला. २००७ साली तिकडे पाय गमावलेल्यांवर केलेली चाचणी छापून आली, रोज १५ मिनिटं, ४ आठवडे. आरशात बघणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं, आणि आरसा झाकून तीच हालचाल करणाऱ्या सहांत फक्त एकाचं. चाचणी छोटीच होती आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण करून बघ.

पलंगावर पाय लांब करून बसव, दोन पायांच्या मधे लांबट आरसा लांब कडेवर उभा कर, काच उजव्या पायाकडे, डावा आरशामागे. कडांना जाड टेप लाव, शुगर आहे, चांगल्या पायाला ओरखडासुद्धा नको. मग आरशात बघत अंगठा हळू उघड-मीट, मनातून दोन्ही पायांनी. पहिल्या दिवशी रडू येऊ शकतं, घाई करू नकोस. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

मनगट_जोशी
माझं मनगट फ्रॅक्चर झाल्यावर सीआरपीएस झालं, म्हणजे इजेनंतर दुखणं आणि सूज हटतच नाही तो आजार, हात सुजलेला, चकचकीत, ओढणी नुसती घासली तरी आग व्हायची आणि तो हात मला स्वतःलाच भलामोठा वाटायचा. मग वाचलं की मोझली म्हणून संशोधक आहेत, त्यांनी २००८ मध्ये हात कायम दुखणाऱ्या १० जणांना दुर्बिणीतून स्वतःचा हात हलताना दाखवला. मोठा दिसला की जास्त दुखायचा आणि सूजही वाढायची, दुर्बीण उलटी धरून लहान दिसला की कमी!! सूज पण, म्हणजे बघ. मला आरसा लगेच दिला नव्हता, आधी नुसते फोटो बघून डावा हात की उजवा ते ओळखायचं, मग हलवतोय अशी कल्पना करायची, आणि आरसा शेवटी. त्यामुळे आरशाने दुखणं वाढलं तर बाबांना नेट लावायला सांगू नकोस, थांबव.

कृष्णाकाठ
ताई, काल केलं. जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला, दादाने धरला. बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले, मग म्हणाले नखं वाढलीयेत की गं. नंतर अंगठा हलवला, पाचेक मिनिटं पिळ सुटल्यासारखा वाटला म्हणे. रात्री अडीचला उठलेच. पण कुठे दुखतंय, कसं दुखतंय सगळं सांगत बसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. झोपायच्या आधी करायचं की सकाळी?

फिजिओताई
रोज एकच वेळ धर, बाबा थकलेले नसतील ती. चार आठवडे तरी सोडू नकोस. आणि नखं उजेडात काप, सरळ, कोपरे खोल कापू नकोस.